बंदुकीवरची दुर्बीण दुकानात पाहून घेऊ नये

कापडाचे जाणते गिऱ्हाईक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवीत नाही. ते तागा उचलून पायरीवर येते, उन्हात उलगडते आणि मगच भाव विचारते. बंदुकीवर बसवायची दुर्बीण, जिला शिकारी लोक ‘स्कोप’ म्हणतात, ती घेताना याच्या नेमके उलट करावे लागते. तिला उजेडातून काढून अंधारात न्यावे लागते. दुकानाच्या झगझगाटात दोनशे डॉलरची आणि तीन हजार डॉलरची दुर्बीण सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. फरक कळतो तो सूर्य बुडाल्यावर, आणि शिकार नेमकी त्याच वेळी बाहेर पडते.

व्यापाराच्या पानावर शिकारीचे काय काम, असे काही वाचक विचारतील. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर पुरताच, शिकारीचा शौक संपला, आणि ते योग्यच झाले. पण आमच्या रत्नागिरी-कुलाब्याच्या गावांतून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जी कोकणी मुसलमान कुटुंबे केपटाउनला जाऊन दुकानदार झाली, त्यांच्या मुलाबाळांना तिथे परवान्याची बंदूक आणि हिवाळ्यातली शिकार नवीन नाही. दक्षिण आफ्रिकेत जंगली जनावरे बहुतांशी खासगी शेतांवर पाळली जातात. शिकाऱ्याने जनावरामागे ठरलेली रक्कम द्यायची असा तो रीतसर धंदा आहे. आमची एक बहीण तिथे दिली आहे. तिचा मुलगा महागडा स्कोप घ्यायला निघाला आणि त्याने मामूचा सल्ला विचारला, म्हणून हा लेख.

आधी एक प्रसंग सांगतो. २०१८ च्या हिवाळ्यात आम्ही बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने आम्हाला कारू भागातल्या एका शेतावर नेले. मोटारीने सात-आठ तासांचा रस्ता. संध्याकाळी काटेरी झुडपांच्या कडेला एक कुडू उभा राहिला. कुडू म्हणजे पिळदार शिंगांचे मोठे हरिण. रंग करडा, अंगावर चुन्याने ओढल्यासारख्या बारीक पांढऱ्या रेघा. त्या झुडपात तो उभा राहिला की करड्यात करडे मिसळते. भाच्याच्या बंदुकीवर सहा ते चोवीस पटीचा स्कोप होता. स्वस्तातला, पण दिसायला रुबाबदार. त्याने पट वाढवून चोवीसवर नेली, कारण जनावर नीट दिसत नव्हते. पट वाढली तसे चित्र आणखी काळवंडले आणि हाताच्या थरथरीने नाचू लागले. त्याने बिस्मिल्लाह म्हणून गोळी झाडली. जनावर दचकले आणि झुडपात शिरले. जमिनीवर रक्ताचे चार थेंब होते. अंधार पडेपर्यंत शोधले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधले. सापडले नाही.

तिथल्या बहुतेक शेतांचा नियम असा की रक्ताचा थेंब पडला की जनावर तुमचे; सापडो वा न सापडो, पैसे मोजायचे. भाच्याने ते मोजले. पण पैशापेक्षा त्याला लागून राहिले ते दुसरे. एक जीव पोटात गोळी घेऊन कुठेतरी तडफडत मेला आणि कुणाच्या कामी आला नाही. गोळीने मेलेल्या जनावराबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत, आणि अनेकांच्या मते ते जिवंत सापडून जबह झाले तरच हलाल. तो निवाडा करण्याची आमची लायकी नाही. पण मुसलमान शिकाऱ्याला सुरी घेऊन वेळेत पोहोचायचे असते, म्हणून त्याची गोळी इतरांपेक्षा जास्त चोख बसली पाहिजे, एवढे तर आम्हालाही कळते.

आता मुद्द्याचे. स्कोपच्या खोक्यावर दोन आकडे असतात. ‘३-९ गुणिले ४०’ म्हणजे तीन ते नऊ पट मोठे दाखवणारा, पुढच्या काचेचा व्यास ४० मिलिमीटर. गिऱ्हाईक पहिल्या आकड्यावर भाळते आणि विकणाराही त्यालाच भाळवतो. खरा हिशेब दोन्ही आकड्यांच्या भागाकारात आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे मागच्या काचेतून डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास. भाच्याच्या स्कोपची पुढची काच ५० मिलिमीटरची होती. चोवीस पटीवर तो गोल जेमतेम दोन मिलिमीटरचा राहतो. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते. सातच्या दारातून दोनचाच प्रकाश आत गेला तर काळोखच दिसणार. त्याने त्या वेळी पट कमी करून सात-आठवर आणली असती, तर त्याच स्वस्त काचेतूनही बरे दिसले असते. जर्मनी-ऑस्ट्रियात रात्री रानडुकरासाठी मचाणावर बसणारे लोक पिढ्यानपिढ्या ८ गुणिले ५६ का वापरत आले, ते यावरून कळावे. छप्पन भागिले आठ, बरोबर सात.

आम्ही पन्नाशी ओलांडलेल्यांनी मात्र इथेही हात आखडता घ्यावा. वयाबरोबर बाहुली लहान होते. आमच्या वयात बहुतेकांची पाचच्या आसपासच उघडते. छप्पनच्या भल्यामोठ्या काचेचे पैसे मोजून त्यातला प्रकाश डोळ्याबाहेर सांडायचा, त्यापेक्षा आठ पटीला चाळीस-बेचाळीसची काच पुरते. बंदूकही हलकी राहते. भावजी साठीला आलेले, आणि त्यांनाही छप्पनचाच हवा होता. दुकानदार का म्हणून अडवील?

इथवर फक्त आकड्यांचे झाले. आकडे सारखे असूनही एक स्कोप दोनशेचा आणि दुसरा तीन हजारांचा का? आम्ही भाच्याला हे सांगू लागलो तेव्हा तो हसून म्हणाला, “मामू, तुम्ही कापडवाले. काचेतलं तुम्हाला काय कळतं?” आम्ही खिशातून पिक ग्लास काढून त्याच्या हातात दिला. तीस वर्षे आम्ही त्या इंचभर काचेतून ताणा-बाणा मोजतो. दोन कापडांची रीड-पिक तंतोतंत सारखी असते, तरी एक वर्षानुवर्षे टिकते आणि दुसरे तिसऱ्या धुण्याला खळ सुटून जाळीदार होते. सूत वेगळे असते. स्कोपचे सूत म्हणजे काच आणि तिच्यावरचा लेप.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे पृष्ठभाग सहज दहा असतात. दहा वेळा चार-चार टक्के गेले की शंभरातले सहासष्टच डोळ्यापर्यंत पोहोचतात, आणि परत फिरलेला प्रकाश नळीत भटकून चित्रावर धुके धरतो ते वेगळेच. यावर इलाज शोधला झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञाने, १९३५ साली. काचेवर अत्यंत पातळ लेप चढवला की प्रकाश परत फिरणे कमी होते. आज उत्तम कारखाने एकावर एक अनेक लेप देतात आणि एका पृष्ठभागावरची गळती अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणतात. शंभरातले नव्वदच्या वर डोळ्यापर्यंत येतात असे ते सांगतात. ही सहासष्ट ते नव्वदची मजल पैसे मोजण्यालायक आहे. नव्वद ते ब्याण्णवची मजल, आमच्या मते, नाही. ती डोळ्याला दिसत नाही, बिलात मात्र दिसते.

म्हणून दुकानदाराला सांगावे की आम्ही संध्याकाळी येतो. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाने दोन-तीन स्कोप बाहेर न्यावेत, सगळे एकाच पटीवर लावावेत, आणि दूरच्या झाडाखालच्या सावलीत पाहावे. उजेडाकडे नाही, सावलीतच. तिथे खोड आणि काळोख वेगळे दिसतात की एकच गोळा? नंतर मावळतीच्या उजेडाच्या जरा बाजूला रोखून चित्रावर पांढरट पडदा येतो का ते पाहावे. जो दुकानदार ही मुभा देत नाही त्याच्याकडून एवढा महाग माल घेऊ नये. पायरीवर कापड नेऊ न देणाऱ्याकडून आपण घेतो का?

नावाबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. जपानमधले कारखाने कित्येक नामवंत अमेरिकी कंपन्यांसाठी स्कोप तयार करून देतात, हे कळल्यावर भाच्याला फसवल्यासारखे वाटले. आम्हाला काही वाटले नाही. भिवंडीच्या मागावर विणलेले ग्रे कापड प्रोसेस होऊन कुणाकुणाच्या शिक्क्याने विकले जाते, हे आम्ही उभ्या आयुष्यात पाहिले. शिक्का मारणारा निव्वळ नावाचे पैसे घेतो असे नाही. सूत कोणते घालायचे ते तो ठरवतो आणि दहा तागे नापास करून परत पाठवतो. त्या दहा ताग्यांची किंमत अकराव्याच्या भावात असते. चांगल्या स्कोपच्या भावातही नापास केलेल्या काचा असतात.

शिवाय पेढी किती वर्षे उभी आहे हे विचारावे. व्हिएन्नाची कालेस १८९८ पासून आहे, जर्मनीची श्मिट अँड बेंडर १९५७ पासून. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताची स्वारोव्स्की ऑप्टिक १९४९ ची, आणि हो, साडी-दुपट्ट्यावर चिकटवायचे जे ‘स्वारोस्की’ खडे आमच्या दुकानात येतात, त्याच घराण्याची ही दुसरी पेढी. अमेरिकेची ल्यूपोल्ड १९४७ पासून स्कोप बनवते. उलट निकॉनसारख्या मोठ्या जपानी नावाने २०१९ साली बंदुकीचे स्कोप बनवणे थांबवले. नाव मोठे असले म्हणजे दुकान त्या मालात टिकेलच असे नाही. आयुष्यभराची हमी लिहून देतात तेव्हा कुणाच्या आयुष्याची, गिऱ्हाइकाच्या की कंपनीच्या, हे विचारून घ्यावे. दुरुस्तीला माल कुठल्या देशात पाठवावा लागतो आणि हमी दुसऱ्या मालकालाही लागू आहे का, हेही.

काच उत्तम आणि यंत्र कच्चे, असाही माल असतो. स्कोपच्या फिरकीला बारीक ‘क्लिक’ असतात. एका क्लिकला निशाण शंभर मीटरवर साधारण एक सेंटिमीटर सरकते. हे खरेच तेवढे सरकते का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. कागदावर एक गोळी मारावी. वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, प्रत्येक वळणावर एक गोळी. शेवटची गोळी पहिल्या भोकाशी परत आली पाहिजे. नाही आली तर तो स्कोप कितीही स्वच्छ दाखवो, ज्या दिवशी गाडीत आपटेल त्या दिवशी दगा देईल. नायट्रोजन भरलेला, पाणी न शिरणारा असावा हे सांगायला नको. जोराचा धक्का देणाऱ्या बंदुकीवर डोळा आणि स्कोप यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे, नाहीतर कपाळावर चंद्रकोर उमटते. आमच्या भावजींच्या कपाळावर आहे.

कुठे खर्च करू नये हेही सांगतो. मोठमोठ्या फिरक्यांचे, किलोभर वजनाचे, हजार मीटरवरच्या निशाणबाजीसाठी बनवलेले स्कोप दोनशे मीटरच्या आत कुडू मारणाऱ्याने घेऊ नयेत. तरुण मुले हेच घेतात, कारण ते फौजी दिसतात. उष्णतेवरून जनावर दाखवणारे थर्मल यंत्र कामाचे असेल, पण ती विजेची वस्तू आहे. मोबाइलसारखी चार-पाच वर्षांत जुनी होते. चांगली काच चाळीस वर्षांनीही काचच असते. आणि हो, स्कोपवर सगळे पैसे उधळून बंदुकीला जोडणारा माउंट कुणी फुटपाथवरचा घेत असेल तर त्याला आमचा सलाम. किमती कापड घेऊन कच्च्या दोऱ्याने शिवण्यासारखे ते आहे. तो स्क्रू ढिला पडला की वर सांगितलेले सगळे फुकट.

नवा मध्यम प्रतीचा की वापरलेला उत्तम प्रतीचा? आमचे मत बिनशर्त दुसऱ्याच्या बाजूने आहे. काचेवर ओरखडे नाहीत, आत बुरशी किंवा बाष्प नाही, नळीवर कड्यांनी चेपल्याच्या खुणा नाहीत, आणि पेढी अजून दुरुस्ती करते, एवढे पाहून घ्यावे.

भाच्याने शेवटी असाच एक ऑस्ट्रियन स्कोप घेतला. वापरलेला, एकाच ठरीव पटीचा, ६ गुणिले ४२. बेचाळीस भागिले सहा, सात. पट वाढवायची सोयच नाही, त्यामुळे संध्याकाळी हात तिकडे जायचा प्रश्नच उरला नाही. पुढच्या हंगामात त्याचा फोन आला. दोन संध्याकाळी गोळी झाडलीच नाही, म्हणाला. एकदा मागे दुसरे जनावर उभे असलेले दिसले, एकदा फांदी आडवी दिसली. तिसऱ्या दिवशी मारला, आणि तीस पावलांवर सापडला. सुरी पोहोचली.

जुना चोवीस पटीचा स्कोप त्याने विकायला काढला आहे. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक आधी विचारते, किती पट? आकडा ऐकून खूश होते. भाचा त्याला संध्याकाळी यायला सांगतो. अजून विकला गेलेला नाही.