बटण लोकांचे, प्रश्न कुणाचा?

सगळे आमदार, खासदार, नगरसेवक घरी पाठवावेत आणि प्रत्येक विषयावर लोकांनीच मोबाईलवर मत द्यावे, म्हणजे खरी लोकशाही येईल! हे मत गोव्यात मी लग्नाच्या पंगतीपासून कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत अनेकदा ऐकले आहे. पण ते सर्वात ठामपणे ऐकले ते वडोदऱ्यात, माझ्या आतेभावाच्या घरी. शेजारपाजारची बरीच मंडळी मराठी, गायकवाडांच्या काळापासून तिथे रुजलेली, शिकलेली आणि सुस्थितीतली. त्यांचे म्हणणे असे की लाखाचा व्यवहार बोटाच्या एका टोचणीने होतो, मग मत का होऊ नये? मधल्या दलालांना पोसायचे कशाला?

राग खोटा नाही, हे आधीच सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून बारा शाळकरी मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. लोकांच्या घरांत पाणी आणि रस्त्यांवर मगरी! पूर ओसरल्यावर लोकप्रतिनिधी पाहणीला आले तेव्हा वस्त्यांनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. आणि आम्ही गोवेकर तरी कुठे सुखात आहोत? जुलै २०१९ मध्ये विरोधी पक्षाच्या पंधरापैकी दहा आमदार एका रात्रीत सत्ताधारी झाले. २०२२ च्या निवडणुकीआधी त्याच पक्षाच्या उमेदवारांनी देऊळ, खुरीस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी एकनिष्ठेच्या शपथा घेतल्या, आणि सप्टेंबरमध्ये अकरापैकी आठ जण पलीकडे गेले. (पक्षांची नावे लिहीत नाही. मी सरकारी नोकर आहे आणि सेवानियम मला पाठ आहेत. नावे तुम्हालाही पाठ आहेत.) असले नमुने पाहिल्यावर 'यांच्यापेक्षा बटण बरे' असे कुणालाही वाटेल.

मला तसे वाटत नाही. आणि मराठी माणसाने, विशेषतः गोव्यातल्या मराठीवाल्याने, तर ही मागणी चुकूनही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वडोदऱ्यापासूनच सुरुवात करू. यंत्राने लोकशाही सुधारण्याचा प्रयोग त्या शहराने आधीच पाहिला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये गुजरातच्या राज्य निवडणूक आयोगाने सहा महानगरपालिकांच्या निवडणुकीत इंटरनेटवरून मतदानाची सोय केली, त्यात वडोदरा होते. प्रतिसाद अगदीच तुटपुंजा मिळाला. त्याच सुमारास गुजरात विधानसभेने स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारे विधेयक आणले. त्याला २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. म्हणजे घरबसल्या मत द्या म्हटले तर फार कुणी फिरकले नाही, आणि सक्ती केली ती न्यायालयात अडकली. पाच वर्षांतून एकदा नगरसेवक निवडायचा तर ही कथा. दर आठवड्याला पाणीपट्टी, गटारे, बसमार्ग आणि बांधकाम नियमावली यांवर मत द्यायचे झाले तर किती जण वाचून मत देतील? पहिल्या महिन्यात सगळे देतील. सहाव्या महिन्यात तेच देतील ज्यांचा त्यात पैसा अडकला आहे.

पण ही अडचण किरकोळ आहे. खरी अडचण वेगळीच आहे.

समजा, पुरानंतर वडोदऱ्यात मोबाईलवर प्रश्न आला: 'नदीकाठची अतिक्रमणे पाडावीत का?' नव्वद टक्के लोक 'होय' म्हणतील, मीही म्हणेन. आता पाडायचे काय? काठावरच्या झोपड्या, की नदीच्या कोतरांत भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती? प्रश्नात ते लिहिलेले नाही. ते ठरवील तो, ज्याने प्रश्न लिहिला. उद्या 'नदीकाठच्या अनधिकृत झोपड्या' असे शब्द घातले की त्याच 'होय'चा अर्थ बदलला.

आम्हा गोवेकरांना हे समजावून सांगायला नको, कारण आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण ज्याने एकदा तरी प्रसाद-पाकळी पाहिली आहे त्याला ठाऊक असते की पाकळी पडण्याआधी गाऱ्हाणे कसे घातले यावर सगळे असते. 'जमीन विकू की नको' असे विचारले तर एक उत्तर, 'यंदा विकू की पुढच्या वर्षी' असे विचारले तर विकायचे आधीच ठरले! देव बिचारा विचारले तेवढ्याचेच उत्तर देतो. बटणही तेवढेच करील.

आणि आम्ही नुसता देवाचा नव्हे, जनतेचाही कौल लावून पाहिला आहे. १६ जानेवारी १९६७. स्वतंत्र भारतात अशी थेट विचारणा फार थोड्या ठिकाणी झाली आणि त्यातली एक आमच्या अंगणात झाली. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती: विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. आमच्या घरी फूल होते. माझे वडील तो आकडा शेवटपर्यंत विसरले नाहीत.

इथे कुणीही मला अडवील आणि विचारील, की बाबा, हाच तर थेट मतदानाचा विजय! जानेवारी १९६५ मध्ये तुमच्या विधानसभेने बहुमताने विलीनीकरणाचा ठराव केला होता, लोकांनी तो उलटवला. प्रतिनिधी चुकले, लोक बरोबर निघाले. मुद्दा बिनतोड आहे आणि मराठीवाल्यांनी तो टाळण्यात अर्थ नाही. लोकांचे मत आमदारांच्या मतापेक्षा वेगळे होते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पण त्या मतपत्रिकेकडे पुन्हा एकदा बघा. तिच्यावर घटक राज्य हा पर्याय कुठे होता? नव्हताच! महाराष्ट्रात जा किंवा दिल्लीच्या ताब्यातला संघप्रदेश म्हणून राहा, एवढेच. आज फूलवाल्यांची नातवंडे आणि पानवाल्यांची नातवंडे दोघेही ३० मे हा घटक राज्य दिन म्हणून मिरवतात. १९८७ मध्ये मिळालेले ते उत्तर १९६७ च्या कौलात कुणी विचारलेच नव्हते. प्रश्न संसदेने कायदा करून लिहिला, आणि लोकांनी विचारले तेवढेच सांगितले. पुढच्या दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, त्याच मतदारांनी भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवले. विलीनीकरण नको, पण भाऊसाहेब हवेत! हे एवढे बारीक मत दोन चिन्हांत मावले नसते. ते मावायला निवडणूक लागली आणि माणूस लागला.

आता वीस वर्षे पुढे या. राजभाषेचे आंदोलन. डिसेंबर १९८६ मध्ये रस्त्यांवर काय झाले ते माझ्या वयाच्यांनी घरच्यांकडून ऐकले आहे, थोरल्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या वेळी मोबाईल असता आणि 'कोकणी की मराठी?' असा प्रश्न आला असता तर काय झाले असते? कुणीही जिंकले असते तरी दुसरा उघडा पडला असता. आम्ही जिंकलो असतो असे मानणारे पुष्कळ आहेत, त्यांना १९६७ चा आकडा आठवायला सांगतो. प्रत्यक्षात काय झाले? ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने कायदा केला. देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि त्याच कायद्यात शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद झाली. कोकणीवाल्यांना ते जास्त वाटले, आम्हाला कमी वाटले, रोमी लिपीवाल्यांना तर काहीच मिळाले नाही. पण आज एखादा माणूस मराठीत अर्ज घेऊन माझ्या टेबलावर येतो आणि मी तो घेतो, तो त्या तरतुदीच्या बळावर. ती तरतूद बटणातून आली नसती. कुणीतरी कुणाशी तरी बंद दाराआड भांडले, कुणी कुणाला राजीनाम्याची भीती घातली, कुणी मसुद्यात एक ओळ वाढवून घेतली, म्हणून ती आली.

वीस वर्षे फायली हाताळल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कायद्याचा जीव कलमात नसतो, परंतुकात असतो. 'तथापि', 'मात्र', 'अपवाद वगळता' या शब्दांत दुबळ्याची भाकरी असते. आणि 'होय' आणि 'नाही' या दोन बटणांत 'तथापि'ला जागा नाही.

वडोदऱ्यातल्या मराठी मंडळींनी तर हे आधी ओळखायला हवे. सयाजीराव महाराजांचे नाव आदराने घेतले जात असले तरी मराठी माणूस त्या शहरात संख्येने थोडा. २०१८ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे थाटात झाले, ही बहुसंख्यांची उदारता. पण उद्या सगळ्या शहराला विचारले, की पालिकेच्या पैशाने मराठी शिकवायचे की त्या पैशातून रस्ते करायचे, तर? कुणी मराठीचा द्वेष करून बटण दाबणार नाही. खड्डा चुकवून घरी आलेला माणूस सरळ रस्त्याचे बटण दाबील. थोड्या संख्येचा समाज टिकतो तो प्रभागातल्या त्या चार-पाचशे मतांवर, जी चुरशीच्या लढतीत नगरसेवकाला लागतात. नगरसेवकच नसेल तर ती मते मोजायची कुठे?

हेच मोठ्या पातळीवर म्हादईला लावा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, कर्नाटकाची सहा कोटींच्या वर. 'पाणी वळवावे का' यावर दोन्हीकडे बटणे वाटली तर आमच्या एकाला त्यांचे बेचाळीस. लोकसभेतही आम्ही दोन आणि ते अठ्ठावीस, हे खरे. पण न्यायाधिकरणापुढे गोवा हे एक राज्य असते आणि कर्नाटक हेही एकच. तिथे डोकी मोजत नाहीत. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साईटची खाण हवी की नको, हे त्या डोंगरातल्या बारा ग्रामसभांना विचारले गेले, आणि बाराही ग्रामसभांनी 'नको' म्हटले. सगळ्या ओडिशाला विचारले असते तर? कुणाला विचारायचे हे ठरवणे, हाही प्रश्न लिहिण्याचाच भाग आहे.

स्वित्झर्लंडचे नाव कुणीतरी काढतेच, तेव्हा तेही बघू. तिथे लोक वारंवार थेट मत देतात, पण संसद बरखास्त करून नव्हे. आणि स्त्रियांना मताधिकार द्यावा का, असे १९५९ मध्ये तिथल्या मतदारांना, म्हणजे फक्त पुरुषांना, विचारले तेव्हा त्यांनी चक्क नाही म्हटले. होकार यायला १९७१ उजाडले.

राहता राहिला मोबाईल. २०२५ मध्ये बिहारने नगरपालिकांच्या मतदानासाठी मोबाईल ॲप वापरले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याचा उपयोग होत असेल, नाही म्हणत नाही. पण आमच्या खिडकीपाशी मी रोज काय बघतो? म्हातारी येते, नातू येतो, फोन नातवाच्या हातात. ओटीपी तोच वाचतो, अंगठा तेवढा तिचा. तिच्या नावाने मत कोण देणार हे वेगळे सांगायला नको. मतदान केंद्रावरच्या पुठ्ठ्याच्या त्या आडोशाला आपण हसतो, पण नवरा, भाटकार, मुकादम, मालक कुणीच डोकावू शकत नाही अशी गरिबाच्या आयुष्यातली ती एकच जागा आहे. घरात तसा आडोसा कुठून आणणार?

थेट लोकशाही नको, असे मी म्हणत नाही. गोव्यात ती दर ग्रामसभेला रविवारी भरते आणि तिचा आवाज तिंट्यापर्यंत ऐकू येतो. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ रद्द झाला तो लोक उठले म्हणून. पण ग्रामसभेत मत देण्याआधी शेजाऱ्याचे ऐकून घ्यावे लागते. ज्याच्या शेतातून रस्ता जाणार तो समोर उभा असतो, डोळ्यांत पाणी आणून बोलतो, आणि मग 'रस्ता हवा' म्हणणाऱ्याची जीभ जरा अडखळते. अडखळली की कुणीतरी म्हणते, रस्ता बांधाच्या कडेने वळवून नेता येईल का बघूया. म्हणजे प्रश्नच बदलला! मोबाईलच्या पडद्यावर शेजारी दिसत नाही.

प्रतिनिधी विकले जातात, हे खरेच. त्यावर इलाज करायचा तर नेमक्या भोकावर करा. पक्षांतरबंदीत दोन तृतीयांश गटाच्या 'विलीनीकरणा'ला जी सूट आहे, पंधरात दहा आणि अकरात आठ हे गणित जिच्यामुळे जमते, ती काढा म्हणून ओरडा. वडोदऱ्याच्या मंडळींना तर घटनेनेच एक हत्यार दिले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे तीन लाखांवर वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असायला हव्यात. आतेभावाला विचारले, तुमची समिती कधी बसते, कुठे बसते, अध्यक्ष कोण? त्याने इतरांकडे पाहिले, इतरांनी त्याच्याकडे. चाळीस हजार वस्तीच्या पणजीला ती सक्ती लागू होत नाही, त्यामुळे आमच्या शहरवाल्यांची यातून सुटका आहे, असे कुणी समजू नये. पालिकेची पुढची बैठक कधी आहे, ते मला न विचारता सांगणारा एकही शहरवासी मला अजून भेटायचा आहे.