गालाची छाया पडत नाही

दंतवैद्यकाच्या शिक्षणात 'मुखरोगनिदान व क्ष-किरणशास्त्र' असा एक जोडविषय आहे. तोंडातील रोग ओळखणे आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने दात व जबडा पाहणे ही दोन्ही कामे एकाच विभागाकडे असतात. या जोडनावामुळे एक समजूत मात्र पक्की होऊन बसली आहे : तोंडाचा रोग ही यंत्राने शोधून काढण्याची वस्तू आहे, आणि जेथे मोठी यंत्रे नाहीत तेथे संशोधनही व्हावयाचे नाही. बुलढाणा जिल्ह्यासारख्या ठिकाणी ही समजूत फार सोयीची ठरते. कारण मग कोणालाच काही करावे लागत नाही. माझे मत याच्या उलट आहे. आपल्या शाळकरी मुलांच्या तोंडाला आज ज्या रोगाचा सर्वांत मोठा धोका आहे तो क्ष-किरणांना दिसतच नाही, आणि तो मोजण्यासाठी लागणारे पहिले साधन पुठ्ठ्याचे आहे.

आधी क्ष-किरणांचे पाहू. राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील ओटो वाल्कहोफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्याला काचेची पट्टी तोंडात धरून २५ मिनिटे बसावे लागले! आज तेच काम सेकंदाच्या अंशात होते. (पुष्कळांना या किरणांची भीती वाटते, म्हणून हेही सांगतो : दाताच्या एका साध्या छायाचित्रात शरीराला मिळणारी मात्रा काही मायक्रोसीव्हर्ट इतकीच असते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २४०० मायक्रोसीव्हर्ट मिळत असतात. मात्र म्हणून विनाकारण छायाचित्रे काढावीत असे नव्हे.)

छायाचित्र या शब्दातच त्याचे मर्म आहे. जेथे किरण शोषले जातात तेथे छाया पडते. दंतवैद्य वापरतात त्या ऊर्जेच्या किरणांचे प्रकाशविद्युत् शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०. गाल, जीभ, हिरडी यांसारख्या मऊ ऊतकांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन हीच मूलद्रव्ये मुख्य. त्यांचा परिणामी अणुक्रमांक साडेसातच्या आत येतो. या दोहोंच्या गुणोत्तराचा घन करून पाहा, उत्तर २० च्या आसपास येईल. म्हणून दात ठळक उठून दिसतो आणि गाल पारदर्शक काचेसारखा नाहीसा होतो. हिरडीत अडकलेली अक्कलदाढ, मुळाशी साचलेला पू, जबड्यातील पोकळ गाठ यांसाठी क्ष-किरणांना पर्याय नाही. पण गालाच्या आतील अस्तरात, म्हणजे श्लेष्मल त्वचेत, जे घडते त्याची छाया पडत नाही. तोंडाचा कर्करोग क्ष-किरण छायाचित्रात दिसू लागला, तर तो हाड पोखरू लागला आहे असे समजावे. इतक्या उशिरा मिळालेल्या बातमीचा रोग्याला फारसा उपयोग नसतो.

आता त्या रोगाकडे वळू. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात त्याचे वर्णन केले. इंग्रजी नावाचा अर्थ सांगायचा तर 'तोंडाच्या अस्तराखाली तंतू माजणे'. प्रथम तिखट झोंबू लागते. आपल्या वऱ्हाडात ज्याला ठेच्याशिवाय भाकरी गोड लागत नाही, तो मुलगा एके दिवशी ठेचा बाजूला सारतो. घरचे म्हणतात, पोरगा शहाणा झाला. पुढे गालाचा आतला भाग पांढुरका व निबर होतो, बोटाला दोऱ्यांसारखे पट्टे लागतात, आणि तोंड उघडेनासे होते. शेवटी घास भरवणेही कठीण जाते.

याचे कारण सुपारी. केवळ सुपारी, तंबाखूची गरजच नाही. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य अस्तराखालील पेशींना कोलॅजन नावाचे तंतू अधिक बनवण्यास चेतवते. सुपारीतले टॅनिन हे तंतू विरघळवणाऱ्या विकराला मंद करते. शिवाय सुपारीत तांब्याचे प्रमाण बरेच असते. तंतूंना एकमेकांशी जोडणारे पूल बांधणाऱ्या विकराला नेमके तांबेच लागते. रबरात गंधक मिसळून तापवले की त्याच्या लांब रेणूंमध्ये पूल तयार होतात आणि मऊ रबर टणक होते, हे तुम्ही रसायनशास्त्रात शिकला आहात. गालात जवळपास तसेच घडते. बनलेले पूल सहसा मोडत नाहीत. सवय लवकर सुटली तर जळजळ कमी होते, रोग पुढे सरकणे थांबू शकते. पण आखडलेला गाल पूर्ववत् करून देणारे औषध नाही. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांकडे १७ वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. हे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

शाळेजवळच्या टपरीवरची परिस्थिती या ज्ञानाशी जुळत नाही. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास बंदी आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी आली, नंतरच्या आदेशांत सुगंधी सुपारीही आली. साधी सुपारी मात्र तंबाखूच्या कायद्यात बसत नाही. 'यात तंबाखू नाही' हे वाक्य आपल्याकडे जणू आरोग्याचे प्रमाणपत्र म्हणून चालते. आईबापही त्यावर विश्वास ठेवतात, आणि लग्नाच्या पंगतीनंतर बशीतली सुपारी मुलांपुढे आपणच करतो.

भौतिकशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून एक इतिहास सांगण्यासारखा आहे. तोंडाच्या कर्करोगावरील भारतातील पायाभूत संशोधनाचा फार मोठा भाग ज्या संस्थेतून झाला, ती म्हणजे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. होमी भाभांनी अणुविज्ञान व गणित यांसाठी उभारलेली! तेथे एक दंतसंशोधन विभाग होता. डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी डेन्मार्कचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांच्याबरोबर खेडोपाडी जाऊन तोंडे तपासली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीत पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांचा समावेश होता. हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. दवाखान्यात येईल त्याला मोजणे सोपे; पण जो येत नाही त्याच्या दारी गेल्याशिवाय रोगाचे खरे प्रमाण कळत नाही. पुढे याच गटाने केरळ, गुजरात आणि आंध्र येथील ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना सवय सोडण्याविषयी सातत्याने समजावले व वर्षानुवर्षे तपासले. समजावण्याने सवयी सुटतात आणि कर्करोगापूर्वीचे पांढरे चट्टे कमी होतात, हे त्यांनी १९८६ मध्ये आकड्यांनिशी दाखवले. या सगळ्या कामाचा कणा म्हणजे चांगली नोंद, पुरेशी संख्या आणि तेच मोजमाप पुन्हा पुन्हा करण्याची चिकाटी. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना दुसरे काय शिकवतो?

विदर्भापुरते पाहायचे तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील डॉ. हजारे व सहकाऱ्यांनी २००७ साली या रोगाच्या १००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका स्त्रीमागे जवळजवळ पाच पुरुष होते, आणि तिशीच्या आतल्या रुग्णांचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा बरेच अधिक होते. पुरुषांत गुटखा व खर्रा, तर नुसती सुपारी खाणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त. पंचविशीत ज्याचे तोंड मिटू लागले, त्याने पहिली पुडी कोणत्या वयात फोडली असेल याचा हिशोब वाचकांनीच करावा. मला तो नववी-दहावीच्या वर्गापर्यंत येऊन पोचलेला दिसतो. म्हणूनच मोजमाप शाळेत व्हावे असे मी म्हणतो.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, पाण्याचे व रक्ताचे नमुने गेले. ते योग्यच झाले. लोणारच्या विवरातील दगड पाहायलाही जगभरातून शास्त्रज्ञ आले. पण वर्षाला एक-दोन मिलिमीटरने मिटत जाणाऱ्या तोंडाकडे कोणाचे पथक येणार? ते डोळ्यांना जाणवत नाही. मोजले तरच कळते.

मोजण्याची रीत सोपी आहे. मोठ्या माणसाचे तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या व खालच्या पुढच्या दातांच्या कडांत साधारण ४० ते ५० मि.मी. अंतर असते. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक आत जातात का, ही जुनी झटपट परीक्षा. त्याहून बरे म्हणजे जाड स्वच्छ पुठ्ठ्याच्या ३०, ३५, ४० आणि ४५ मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापाव्या, कोपरे गोल करावे, रुंदी उभी धरून दातांच्या कडांमध्ये कोणती पट्टी बसते ते पाहावे. कारखान्यात भोक बरोबर आहे की नाही ते 'गो-नो-गो' गेजने पाहतात, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येकाचा संच स्वतंत्र. दुसऱ्याच्या तोंडातली पट्टी आपण घ्यायची नाही. प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर तोंडात घालण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. त्याचे जबडे टोकदार असतात, आणि ते कशाकशाला लागलेले असतात ते मला ठाऊक आहे.

यावर दोन आक्षेप येतील. वयाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे तोंड कमीजास्त उघडते, मग कोणत्या आकड्याला रोग म्हणायचे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच एका वाचनाला फारसे महत्त्व देऊ नये. वाढत्या वयाच्या मुलाचे माप वर्षागणिक वाढावे किंवा टिकावे. ते घटले तर त्याची तुलना इतरांशी नव्हे, त्याच्याच मागील वर्षाच्या आकड्याशी होते. दुसरा आक्षेप असा की तोंड कमी उघडणे ही उशिराची खूण आहे, जळजळ आधी येते. हेही खरे. तेव्हा नोंदवहीत मापाच्या शेजारी 'तिखट झोंबते का?' असा एक रकाना असावा. गालाच्या थरांची जाडी अल्ट्रासाउंडने मोजण्याचे प्रयोग दंतमहाविद्यालयांत झाले आहेत; तेही पुढे आपल्यापर्यंत येईल. तोवर या रकान्याला अडवणारे काही नाही.

नोंदवही पंचनाम्यासाठी वापरली गेली तर मात्र सारा खेळ संपला. माप घटलेल्या मुलाला प्रार्थनेच्या वेळी सर्वांपुढे उभे केले, की दुसऱ्या वर्षी अख्खा वर्ग तोंड आवळून बसेल आणि आकडे खोटे येतील. नावाऐवजी क्रमांक लिहावा, यादी एकाच शिक्षकाकडे असावी. ते शिक्षक स्वतः तासानंतर तळहातावर चुना मळणारे नसावेत, एवढी अट मी घालतो. आमच्या व्यवसायात ती वाटते तितकी सोपी नाही.

शाळा उघडल्यावर जुलैत पहिले वाचन घ्यावे, दुसरे दिवाळीच्या सुट्टीनंतर. प्रत्येक वेळी तीनदा मोजून मधला आकडा लिहावा. ज्याच्या तोंडात ३५ ची पट्टी बसत नाही, किंवा ज्याला पंधरा दिवसांहून अधिक काळ तिखट झोंबते आहे, त्याला पालकांसह जिल्हा रुग्णालयातील दंतविभागात पाठवावे, आणि चिठ्ठीवर दोन्ही वाचने तारखांसह लिहून द्यावीत.