शाळेत टीव्ही आला, लाईट बिलाचं काय?

जूनमध्ये शाळा उघडल्या की डिजिटल वर्गाची चर्चा सुरू होते. कन्नड, सोयगाव, सिल्लोडच्या वाड्या-वस्त्यांवर खरी अडचण येते ती टीव्ही चालू ठेवायच्या खर्चाची.

समग्र शिक्षा योजनेत शाळेचं वर्षाचं अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला. छोट्या शाळेला उरले ९ हजार, म्हणजे महिन्याला ७५० रुपये. लाईट बिल, खडू, दुरुस्ती यातूनच भागवायची. पट जेवढा कमी, तेवढी ओढाताण जास्त.

तोवर गुरुजींकडे स्वस्तातला मार्ग आहे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवरचा धडा घरूनच डाउनलोड करून आणला, तर वर्गात रेंज नसली तरी चालतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोडचा प्रयोग केला, त्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं.

पालकांनो, शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के तुम्हीच असता. पहिल्याच बैठकीत विचारा: अनुदान किती आलं, बिल किती थकलं, टीव्ही चालू आहे का? बिल थकलं असेल तर विषय ग्रामसभेत घ्या. एकट्या गुरुजींच्या खिशातून शाळा डिजिटल होणार नाही.