कॅमेरा हाती घेण्यापूर्वी

आपल्या वसतिगृहात वाढलेली मुले पूर्वी बहुधा शिक्षक, कारकून, परिचारिका होत असत. आता त्यांतील काही माध्यमांच्या शिक्षणाकडे वळली आहेत. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यापासून या मुलांची उमेद वाढली आहे. त्या उमेदीला संशोधनाची जोड कशी द्यावी, याविषयी एका अनुभवाच्या आधारे काही मांडतो. या अनुभवात चूक माझीही होती, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आपली एक माजी विद्यार्थिनी पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी करावयाच्या दहा मिनिटांच्या लघुपटाची संहिता घेऊन माझ्याकडे आली. विषय होता महाडचा सत्याग्रह. २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात, मागून असंख्य हात पुढे येतात, संगीत उंचावते आणि लघुपट संपतो. दर वर्षी शाळेच्या रंगमंचावर मी बसवतो ती नाटिकाही याच क्षणी संपते. त्यामुळे मला संहिता आवडली.

मी विचारले, "घरी कोणाशी बोललीस का?"

"आजीशी बोलले, सर. तिचे वडील महाडला गेले होते. पण ती म्हणते, 'बा म्हाडाला गेला, रातचा जाळ बघितलान, पन तळ्याचं पानी काय प्याला न्हाय.' वय झालंय, विसरली असेल. तो भाग मी घेतलेला नाही."

मी मान डोलावली. इतिहासात एम. ए. केलेल्या माणसाने वडील कोणत्या महिन्यात गेले होते, एवढे तरी विचारायला हवे होते. मी ते विचारले नाही.

तिच्या प्राध्यापकांनी मात्र प्रत्येक दृश्याचा आधार लिहून मागितला. म्हणून ती ग्रंथालयात बसली, महाराष्ट्र शासनाने पुनर्मुद्रित केलेले 'बहिष्कृत भारत'चे अंक तिने वाचून काढले आणि काही दिवसांनी तिचा फोन आला, "सर, आजीचं बरोबर असणार."

महाडला परिषदा दोन झाल्या. मार्चमध्ये पाणी प्राशन केले गेले. परतणाऱ्या आणि मंडपात असलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. पुढे सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा कोणी जागा देईना. फत्तेखान यांच्या जागेवर मंडप उभा राहिला. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. आजीच्या वडिलांनी पाहिलेला 'रातचा जाळ' तोच असावा. परंतु विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. तुरुंगात जाण्याच्या तयारीने आलेल्या हजारो लोकांना बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. लोकांनी गावातून शिस्तीने मिरवणूक काढली आणि पाणी न पिता ते परतले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. मधे सुमारे दहा वर्षे गेली.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. नाटिकेचा शेवट उत्साहात व्हावा म्हणून मी ते कधी सांगितले नव्हते. कोणी म्हणेल, जयंतीला, वर्धापनदिनाला स्फूर्ती देणारा प्रसंगच हवा, न्यायालयाचे लांबण कशाला? माझे मत आता वेगळे आहे. नेमणुकीसाठी, शिष्यवृत्तीसाठी, जात पडताळणीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या आपल्या मुलांना ओंजळीतल्या पाण्याइतकीच त्या दहा वर्षांचीही गरज आहे. पाणी न पिता परतलेली माणसे हरलेली नव्हती. ती नेत्यावर आणि न्यायावर विश्वास ठेवून थांबली होती.

इतरांनी लिहिलेल्या इतिहासात आपल्याला जागा मिळाली नाही, अशी आपली रास्त तक्रार आहे. मग आपल्याच आजीचे वाक्य आपल्या संहितेत बसत नाही म्हणून आपण कसे गाळणार? कालाम सुत्तात तथागतांनी केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नका, असे सांगितले. त्याचा अर्थ ऐकलेले फेकून द्या, असा नव्हे. ते तपासा, असा आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वृद्ध स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला नसता, तर चळवळीतील कितीतरी स्त्रियांचे कार्य त्यांच्याबरोबरच गेले असते.

म्हणून लघुपट करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. संहितेआधी एक वही करा. कागदोपत्री सापडलेले, कोणाकडून ऐकलेले आणि आपण अंदाजाने जोडलेले, असे तीन रकाने त्यात आखा. ज्येष्ठांकडे पहिल्या भेटीत कॅमेरा नेऊ नका, नुसते ऐका. चित्रीकरणापूर्वी त्यांची संमती घ्या आणि तयार झालेला लघुपट आधी त्यांना दाखवा. त्यांची बोली सुधारू नका. भोगलेला अपमान पुन्हा अभिनय करून दाखवायला त्यांना सांगू नका.

त्या विद्यार्थिनीने नवी संहिता लिहिली. चित्रीकरण एका दिवसात, आजीच्या ओटीवर झाले. पडद्यावर आजी तेच वाक्य बोलते, त्यानंतर तारखा येतात. 'वडील डिसेंबरच्या परिषदेला गेले असावेत' हे 'असावेत'सह पडद्यावर लिहिलेले आहे, याचे मला विशेष कौतुक वाटते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. महाडला, नाशिकला, १९५६ साली दीक्षाभूमीला गेलेल्यांच्या आठवणी सांगणारे कोणी घरात असेल, तर या सुटीत त्यांच्यापाशी बसा. मोबाईलवर त्यांचा आवाज जसाच्या तसा नोंदवा आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्या. यंदा नाटिकेचा शेवटचा प्रवेश मी नव्याने लिहीत आहे. त्यात लोक तळ्यावरून पाणी न पिता परततात.

जय भीम!