बेटावरचं ऊन



‘ऊन खायला गोव्याच्या बेटावर कशाला? जळगावात काय कमी आहे?’ हा आमच्या सायकल सहलीवरचा पत्रलेखकाचा टोमणा मान्य! मेहरूण तलावाला आम्हीही रोज पहाटे चकरा मारतो. पण त्या बेटावर, दिवाडीला, नुसती चैन केली, हे खोटं. रायबंदरच्या फेरीबोटीत सायकली मोटारसायकलींना खेटून उभ्या केल्या. पिएदादच्या चढावर गिअरवाल्यांनीही उतरून ढकलल्या. मग दुसऱ्या बोटीने नदीपलीकडचं नार्वे गाठलं. तिथला सप्तकोटेश्वर हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगिजांच्या छळामुळे पलीकडे नेलेला. १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. वाचलं होतं सगळं, पण मधली नदी केवढीशी, ते बोटीतच कळलं. राहिला खर्च, तो ज्याचा त्याने केला. बोरं मात्र मेहरूणचीच नेली होती.

– एक सायकलस्वार, मेहरूण, जळगाव