आधी सावली, मग एसी

आपल्या गावांतून आणि शहरांतून सावली भराभर नाहीशी होते आहे. पडवी गेली. ओटा गेला. खिडकीवरचा छज्जा वीतभर उरला, नव्या इमारतींत तर तेवढाही नाही. दारातला कडुनिंब गाडी लावायला अडचण करत होता, म्हणून तो तोडला. बाल्कनी होती, तर तिला सरकत्या काचा बसवून आपणच ती हॉलमध्ये घेतली. मग एप्रिल लागतो आणि आपण सगळे एसीच्या दुकानात उभे असतो.

हे फक्त आपल्याकडे चाललेलं नाही, म्हणून ते जास्त काळजीचं आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं 2018 मध्ये एक हिशेब मांडला होता. 2016 मध्ये जगात सुमारे 160 कोटी एसी होते. हीच चाल राहिली तर 2050 पर्यंत ते 560 कोटी होतील. म्हणजे तीस वर्षं, जुन्यांच्या जागी येणारे धरून, दर सेकंदाला दहा नवे एसी! जगातल्या एकूण विजेपैकी जवळपास 10 टक्के वीज तेव्हाच एसी आणि पंखे खात होते. आणि पुढच्या वाढीतला मोठा वाटा चीन, इंडोनेशिया आणि भारत या तीन देशांचा असणार आहे.

आपल्या देशात 2018 च्या सुमारास शंभरांतल्या जेमतेम आठ घरांत एसी होता. 2024 या एका वर्षात 1 कोटीहून जास्त एसी विकले गेले. त्याच वर्षी 30 मे रोजी देशाची विजेची मागणी 250 गिगावॉटवर पोचली. केंद्र सरकारच्याच 2019 च्या शीतकरण कृती आराखड्याचा अंदाज आहे की 2017-18 च्या तुलनेत 2037-38 पर्यंत थंडाव्याची गरज आठपट होईल.

यावर कुणी म्हणेल, होऊ द्या की. सूर्य फुकट आहे, पॅनेल स्वस्त झाली आहेत. खरं आहे. 2010 नंतरच्या दशकात सौर पॅनेलच्या किमती जवळपास 90 टक्क्यांनी उतरल्या आणि 2025 च्या सुरुवातीला भारताची सौर क्षमता 100 गिगावॉटच्या पुढे गेली. याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण ऊर्जेच्या इतिहासाची एक खोड आहे. नवं इंधन आलं म्हणून जुनं हटलं, असं जगाच्या पातळीवर सहसा घडलेलं नाही. कोळसा आला, तरी लाकूड जळत राहिलं. तेल आलं, तरी कोळसा वाढतच गेला. आज पवन आणि सौरऊर्जा विक्रमी वेगानं वाढते आहे, तरीही 2024 मध्ये जगानं 850 कोटी टनांहून जास्त कोळसा वापरला. इतका तो याआधी कधीच वापरला गेला नव्हता. नवी स्वच्छ वीज जुन्या कोळशाला बाजूला सारायला निघते, आणि वाटेतच वाढलेली मागणी तिला गिळून टाकते. पुरवठा कितीही वाढवला तरी मागणी चार पावलं पुढेच पळत असेल, तर ही शर्यत संपायची कशी?

चंद्रपूरकडे पाहा. देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या शहरांच्या यादीत त्याचं नाव दर उन्हाळ्यात असतं. तिथेच 2920 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, महानिर्मितीचं सगळ्यात मोठं. पुण्या-मुंबईच्या खोल्या गार ठेवणाऱ्या विजेत तिथल्या खाणींचा आणि तिथल्या राखेचा वाटा आहे. आपण इथे रिमोट दाबतो, ते तिथे दाराखिडक्यांवरची धूळ पुसतात.

त्यात रात्रीचा पेच वेगळाच. दिवसभर उन्हात भाजलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली धग सोडत राहतो. नेमक्या तेव्हा सौर पॅनेल झोपलेली असतात. आपण मात्र बेडरूमचा एसी लावतो. ती वीज बहुतांशी कोळशाचीच, 2024 मध्ये देशातली 70 टक्क्यांहून जास्त वीज कोळशातूनच आली. शिवाय एसी खोलीतली उष्णता नष्ट करत नाही, ती फक्त बाहेर गल्लीत फेकतो. ज्या शेजाऱ्याकडे एसी नाही, त्याच्या खिडकीत ती जाते. पुढच्या वर्षी तोही कर्ज काढून एसी घेतो.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हा लेख एसीच्या विरुद्ध नाही. उष्णता माणसं मारते. अहमदाबादेत मे 2010 च्या लाटेत नेहमीपेक्षा हजाराहून जास्त मृत्यू झाले, त्यानंतर त्या शहरानं 2013 मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला. पत्र्याच्या खोलीत तान्हं मूल घेऊन बसलेल्या बाईला ‘आमच्या वेळी पंखाही नव्हता’ असं सांगणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना गारवा मिळालाच पाहिजे. प्रश्न इतकाच आहे, की जे काम सावली फुकट करते तेही आपण यंत्राकडून का करून घ्यायचं?

‘आपण तर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी वीज वापरतो, मग काटकसर आपणच का करायची?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर साधं आहे. 2040 मध्ये आपली मुलं ज्या घरांत राहतील, त्यांतली बरीचशी अजून बांधायची आहेत. युरोप-अमेरिकेतली घरं बांधून झाली, त्यांच्या चुका सिमेंटमध्ये पक्क्या झाल्या. आपल्या अजून कागदावर आहेत. कागद खोडता येतो.

आणि आपल्याला हे नव्यानं शिकायचंही नाही. मराठवाड्यात माळवद होतं, खानदेशात धाबं होतं. छपरावरचा मातीचा जाड थर ऊन आत शिरूच देत नसे. कोकणात उतरती कौलं आणि चारी बाजूंनी पडवी. पुण्याच्या वाड्यात मधला चौक, तिथून गरम हवा वर निघून जायची. विदर्भात वाळ्याचे पडदे भिजवून दाराला लावायचे. जुनं सगळं सोनं होतं असं नाही. त्या माजघरांत अंधार होता, धूर होता, आणि दरवर्षी छप्पर शाकारण्याची कटकट होती. तिकडे परत जा, असं कुणीच म्हणत नाही.

वारसा जपायचा तर तो नव्या रूपात. मुंबईत कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही उंच इमारत उभी आहे, 1983 ची. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा घालून तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उचलला आणि दोन मजले उंच करून इमारतीच्या कोपऱ्यांत बसवला. वारा आत, ऊन बाहेर. ती श्रीमंतांची इमारत आहे हे कबूल, पण युक्ती जुन्या घरांतूनच वर गेली आहे. ती पुन्हा खाली आणायला काय हरकत आहे?

हरकत थोडी आपल्या हिशेबाच्या पद्धतीतच आहे. रेरा कायद्यात कार्पेट एरिया मोजताना बाल्कनी आणि व्हरांडा धरत नाहीत. फ्लॅट घेताना आपण दर चौरस फुटाला किती, एवढंच विचारतो. ज्या जागेचा आकडा जाहिरातीत दिसणार नाही, ती बिल्डर का देईल? म्हणून आता आपण दुसरे प्रश्न विचारू या. खिडक्यांवर छज्जा किती फुटांचा? समोरासमोर खिडक्या आहेत का, वारा आरपार वाहतो का? पश्चिमेची भिंत नुसती काचेची तर नाही ना? वरच्या मजल्याच्या स्लॅबवर उष्णता अडवणारा थर आहे का? निवासी इमारतींसाठी 2018 मध्येच इको निवास संहिता आली आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनं ऊर्जा संवर्धन कायद्याचा हात मोठ्या निवासी संकुलांपर्यंत पोचला आहे. पण त्याबद्दल विचारणारं गिऱ्हाईक बिल्डरला भेटतच नाही. ते गिऱ्हाईक आपण होऊ या. दहा जणांनी एकच प्रश्न विचारला, की अकराव्यासाठी उत्तर छापील पत्रकात येतं.

ज्यांचं घर आधीच बांधून झालंय, त्यांच्याही हातात पुष्कळ आहे. सुरुवात गच्चीपासून. पांढऱ्या गच्चीवरून ऊन परत फिरतं आणि वरच्या मजल्याची खोली चांगली दोन-चार अंशांनी उतरते. साधा चुना लावला तरी चालतो. पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी लावावा लागतो, पण एसीच्या एका महिन्याच्या बिलाशी त्याची तुलना करून पाहा. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक सोडा. ऊन काच ओलांडून आत आलं, की ते खोलीतच राहायला येतं.

मग पंखा. जुना पंखा 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दीड टनाचा साधा एसी सुमारे 1500 वॉट, म्हणजे वीस जुने पंखे! एसी हवाच असेल तर तो 24 वर ठेवून वर पंखा लावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे की एक अंश वाढवला तर सुमारे 6 टक्के वीज वाचते. 18 वर लावून गोधडी पांघरणाऱ्या सगळ्यांनी याचा जरा विचार करावा. आणि पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामं भर दुपारी उरकावीत, ग्रीडमध्ये सौर वीज मुबलक असते तेव्हा.

‘माझ्या एकट्याच्या पंख्यानं जगाचं काय होणार?’ जपानला विचारा. तिथे 2005 पासून सरकारी कचेऱ्यांनी उन्हाळ्यात टाय-कोट सोडून एसी 28 वर ठेवायला सुरुवात केली. 2011 मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला, तेव्हा टोकियोच्या परिसरातल्या मोठ्या ग्राहकांना सरकारनं 15 टक्के कपात सांगितली. लोकांनी घरातले दिवे मालवले, कारखान्यांनी पाळ्या बदलल्या. तो उन्हाळा निभावला. जपान राहू द्या, आपणच एलईडी बल्बचं काय केलं ते आठवा. 2014 मध्ये सरकारी खरेदीत 310 रुपयांना पडणारा बल्ब दोन वर्षांत 38 रुपयांवर आला. उजाला योजनेतून 36 कोटींहून जास्त बल्ब घरोघर गेले. पिवळा दिवा आता शोधून सापडत नाही.

एक शंका जाणकार काढतील. जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं 1865 मध्येच दाखवलं होतं, की इंजिन कमी कोळशात चालू लागलं की कोळशाचा खप उलट वाढतो. पाच स्टारचा एसी घेतला म्हणून तो रात्रभर चालवणारी घरं आपण पाहतोच. म्हणूनच माझा सगळा जोर यंत्रापेक्षा सावलीवर आहे. छज्जा स्वस्त झाला म्हणून कुणी उधळत नाही.

आणि झाडं. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी 1975 पासून कायदा आहे. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाडावर नोटीस चिकटवतात, हरकतीला मुदत असते. ती नोटीस वाचायला थांबा. आपल्यापैकी एकानं लिहिलेली दोन ओळींची हरकतसुद्धा फायलीत लागते, आणि फायलीला उत्तर द्यावं लागतं. शिक्षकांनी मुलांकडून शाळेभोवतीच्या सावल्यांचा नकाशा काढून घ्यावा. सकाळी दहा आणि दुपारी दोन, दोन्ही वेळचा. कुठे झाड हवं आणि कुठे छप्पर, ते मुलंच दाखवतील.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. या वेळच्या विषयपत्रिकेत रंगकाम आणि पार्किंगच्या जोडीला एक ओळ वाढवा: गच्ची पांढरी करणे व पश्चिमेकडे झाडे लावणे. सभा होऊन गेली असेल तर विशेष सभा बोलावता येते. झाडं लावायची ती पावसाळ्यात. चुन्याचं काम मात्र होळीच्या आत उरकायचं, तोवर स्लॅबवर अनवाणी उभं राहता येतं.