अडवलेली हवा, तापलेले इंजिन

परतूर, प्रतिनिधी : मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या केलेल्या मोटारी हे नेहमीचेच दृश्य ठरते. शेगाव-पंढरपूर मार्गावरील परतूरही त्याला अपवाद नाही. जीपवर्गीय वाहनांना लोखंडी गार्ड, जादा दिवे, मोठे भोंगे लावण्याची हौस आता तालुक्याच्या गावांतही रुजली आहे. नंतर इंजिन तापू लागले की मोठा रेडिएटर, दुसरा पंखा, बॉनेटला छिद्रे असा नवा खर्च सुरू होतो. मूळ कारण मात्र जाळीसमोरच लटकत असते.

इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांपर्यंत जाण्याजोगी असते. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा धुरावाटे, तर जवळपास तेवढाच रेडिएटरवाटे बाहेर पडतो. इंजिनाची ताकद वाढवली की हा भारही वाढतो. त्यातच एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्याने तेथे पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते. अशा वेळी जाळीसमोर दिवे आणि भोंगे बसवणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाच्या अंगावर घोंगडी टाकणे होय.

दुसरी बाजू दुर्लक्षितच

हवा आत येण्याइतकेच तिचे बाहेर पडणेही महत्त्वाचे असते. इंजिनाच्या कप्प्यात गरम हवा कोंडली, तर रेडिएटरमधून ताजी हवा पुढे सरकत नाही. रेडिएटरच्या कडेच्या फटी उघड्या राहिल्यास हवा सोपी वाट धरून बाजूने निघून जाते, किंवा गरम हवा मागून फिरून पुन्हा पुढे येते. या फटी रबराने वा फोमने बंद करणे आणि पंख्याभोवतीचे आवरण शाबूत ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बॉनेटची मागची बाजू वॉशर लावून उचलण्याची पद्धत मात्र फसवी आहे. वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरू शकते.

दोष ओळखण्याची खूणही सोपी आहे. बाजारपेठेतील कोंडीत गाडी तापत असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. महामार्गावर वेगात तापत असेल तर चोंदलेल्या रेडिएटरवर किंवा अडलेल्या हवेवर. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचण्यास विलंब होतो आणि इंधन जास्त जळते. मूळ दोष तसाच राहतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतल्यास रेडिएटरच्या नळ्यांत थर साचतात. झाकणाची दाब धरण्याची क्षमता गेली, तर एरवी १२० अंशांच्या आसपास उकळणारे पाणी शंभरलाच उकळते. काही रुपयांच्या झाकणाकडे दुर्लक्ष केल्याने हेड गॅस्केटचा मोठा खर्च अंगावर येतो.

कायद्याचेही बोट तेथेच

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पुढील लोखंडी गार्डवर कारवाईचे निर्देश दिले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली.

येथे कायदा आणि विज्ञान एकाच दिशेने बोट दाखवतात. पण दंडाची पावती फाडताना गार्डमुळे इंजिनही तापते, हे वाहनमालकाला कोण सांगणार? फिटरचा व्यवसाय जादा वस्तू बसवण्यावर चालतो. काढून टाकण्याचा सल्ला देऊन त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणूनच नवा रेडिएटर विकत घेण्यापूर्वी मालकानेच एकदा जाळीसमोर उभे राहून हवेची वाट मोकळी आहे का, हे पाहिलेले बरे. उन्हाळा टळत नाही; अडथळा मात्र पान्याने सुटतो.